फ्लॅगस्टाफची बिनदुधाची कॉफी

सांगलीला परत आल्यापासून भेटेल तो माणूस एकच विचारतो, ग्रँड कॅन्यन कसं होतं? मी ते पाहिलेलं नाही. त्या दरीपासून गाडीनं दीड तासावर असलेल्या डोंगरावरच्या गावात मी मुक्काम केला आणि तशीच खाली उतरले. हे ऐकल्यावर लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. तिथे एका कॉफीची चव बघायला गेले होते असं सांगितलं की कीव आणखी वाढते. म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते, म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सांगायला नको.

चँडलर

माझा थोरला भाऊ, दादा, अ‍ॅरिझोनातल्या चँडलर गावात राहतो. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत त्याची सगळी नोकरी झाली, आता तो निवृत्त आहे. मी ऑक्टोबरात गेले. तोपर्यंत उन्हाळा संपलेला असतो असं त्यानं फोनवर सांगितलं होतं, पण विमानतळाबाहेर पाऊल टाकल्यावर मला त्याचा काही पुरावा मिळाला नाही. घरं सगळी मातीच्या रंगाची, अंगणात हिरवळीऐवजी खडी आणि खडीत निवडुंग. आपल्याकडे निवडुंग शेताच्या कुंपणाला लावतात. इथे तो दाराशी तुळशीच्या थाटात उभा असतो आणि त्याला ठिबकनं पाणी देतात.

वहिनी मूळची नागपूरची, त्यामुळे उन्हाबद्दल तिची तक्रार नसते. तिची तक्रार एकच, ती म्हणजे शर्वरी. शर्वरी ही दोघांची एकुलती एक मुलगी. तिकडेच जन्मली, केमिकल इंजिनिअर झाली, बापाच्याच कंपनीत लागली, आणि तीनेक वर्षांपूर्वी सगळं सोडून फ्लॅगस्टाफ नावाच्या डोंगरावरच्या गावात कॉफी भाजायला लागली. वहिनी हे 'भाजायला' अशा काही सुरात म्हणते की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी कुठेतरी फुटपाथवर शेंगा भाजून पुड्या बांधते आहे.

पहिल्या सकाळी दादानं मला लेकीची कॉफी करून दाखवली. ओट्यावर वजनाचा काटा, त्यावर भांडं, भांड्यावर कागदी गाळणी, आणि हातात लांब बारीक चोचीची किटली. पाण्याची धार सोडताना दादा श्वाससुद्धा घेत नाही. शेवटी माझ्यापुढे कप आला तो फिकट तांबूस, बिनदुधाच्या चहासारखा. मी प्यायले. किंचित आंबट गरम पाणी, यापलीकडे मला काही लागलं नाही. "छान आहे," मी म्हणाले. पहिल्या दिवशी पाहुण्यानं दुसरं काही म्हणायचं नसतं.

वहिनीनं तिचा कप सरळ पातेल्यात ओतला, दूध-साखर घातली, वरून जायफळ किसलं आणि उकळी आणली. दादा तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

"हे रोजचं आहे," ती देवघराकडे गेल्यावर तो मला म्हणाला. "मी आता रिअ‍ॅक्ट करणं सोडून दिलंय."

घरात त्या आठवड्यात विषय एकच होता. शेजारच्या फिनिक्स शहराच्या आसपास बरीच कॅफे असलेली लिंडा नावाची एक बाई शनिवारी शर्वरीची कॉफी चाखायला येणार होती. तिला तिच्या सगळ्या कॅफेंसाठी एकाच ठिकाणाहून कॉफी घ्यायची होती, आणि दोन नावांवर गाडी अडली होती. त्यातलं एक शर्वरीचं. लिंडा हो म्हणाली तर शर्वरीचा धंदा उभा राहणार होता. नाही म्हणाली तर नवीन वर्षात गाशा गुंडाळायचा आणि परत नोकरी धरायची, असं शर्वरीनंच बापाला सांगून ठेवलं होतं. तिनं आम्हा तिघांनाही बोलावलं होतं.

वहिनी आजवर एकदाही तिकडे गेली नव्हती. गेलं म्हणजे आपल्याला पसंत आहे असं पोरीला वाटेल, हा तिचा हिशेब. या वेळी ती तयार झाली ती माझ्या निमित्तानं.

"ती बाई नाही म्हणाली तर बरंच," मेथी निवडता निवडता ती मला म्हणाली. "वाईट नाही गं मागत मी देवाला. पण एकटी पोर डोंगरावर राहते, पोती उचलते. परत आली, जॉब धरला, तर माझ्या जिवाचा घोर जाईल."

मी दुसरी जुडी सोडली. तिथल्या मेथीची पानं आपल्यापेक्षा मोठी असतात, पण चवीला कमी कडू.

चढावर

चँडलरहून उत्तरेला निघालं की आधी उंच निवडुंग सोबत करतात. एका उंचीनंतर ते एकाएकी संपतात, मग नुसती झुडपं, आणि मग पाइनचं जंगल सुरू होतं. एका सकाळीत वाळवंटातून हिमाचलात गेल्यासारखं वाटतं. मी नकाशावर बोट ठेवून बसले होते, तोच मागच्या सीटवर फाटकन आवाज झाला. दादानं गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून चारही टायर बघून आला. टायर शाबूत होते. वहिनीनं लेकीसाठी चिवडा केला होता आणि तो सादळू नये म्हणून हवाबंद पिशव्यांत भरला होता. चढावर बाहेरची हवा विरळ होत गेली तशा पिशव्या फुगत गेल्या, आणि त्यातली एक फुटली. पुढचा सगळा रस्ता मी केसांतून डाळं आणि कढीपत्ता काढत होते. वहिनीनं उरलेल्या पिशव्यांना टाचणीनं भोकं पाडली.

फ्लॅगस्टाफ

गावात गाडीतून उतरलो तर हवेत गारवा आणि पाइनच्या चिकाचा वास. मालगाड्या गावाच्या मधोमध, भोंगा वाजवत जातात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. शर्वरीची जागा सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे. खाली भट्टी आणि पोती, वर तिची खोली. पोरगी बापासारखी उंच, केस बारीक कापलेले, अंगात कॉफीच्या डागांचा एप्रन.

"आत्या, यू लुक एक्झॅक्टली लाइक बाबा," म्हणत तिनं मला मिठी मारली. आईलाही मारली, पण न बोलता.

जेवण झाल्यावर तिनं आम्हाला दुसऱ्या दिवसाचे नियम सांगितले. सेंट लावायचा नाही. डोक्याला तेल नाही. वासाचा साबण नाही. "आणि आई, प्लीज, उद्या अगरबत्ती नको. लिंडाला कॉफीशिवाय कशाचाही स्मेल यायला नको."

वहिनीनं मान डोलावली. तिनं ते सगळं मनापासून पाळलं, हे मी शपथेवर सांगू शकते. सकाळी देवाला नुसते हात जोडले आणि कोरडे केस विंचरले.

संध्याकाळी शर्वरीनं मला कॉफी करून दिली. चँडलरची कॉफी बेचव का लागली, हे मी न सांगता तिला माहीत होतं. "बाबा टॅपचं पाणी वापरतो. तिकडचं पाणी इतकं हार्ड आहे, त्यात काहीच उमलत नाही. मी त्याला हंड्रेड टाइम्स सांगितलंय." 'उमलत' हा शब्द तिला कुठून सापडला कोण जाणे. दादानं हातातलं मासिक डोळ्यांपुढे धरलं.

मग तिनं अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी असं करून मला तिची कॉफी समजावली. ही इथिओपियातल्या उंच डोंगरांवरची, एकाच भागातल्या झाडांची. लाल फळाचा गर काढतात, बी पाण्यात ठेवतात, बुळबुळीतपणा गेला की खळखळून धुतात आणि मग वाळवतात. काही ठिकाणी गरासकट वाळवतात. तशी कॉफी जॅमसारखी लागते आणि बारीकसारीक दोष त्यात खपून जातात. धुतलेल्या कॉफीत खपत नाहीत. आणखी एक गंमत म्हणजे फ्लॅगस्टाफ इतक्या उंचावर आहे की पाणी खालच्यापेक्षा लवकर, कमी तापमानालाच उकळतं. चँडलरला उकळलेलं पाणी जरा निवू द्यावं लागतं. इथे उकळल्या उकळल्या ओतायचं.

तिनं थोडं पाणी ओतलं आणि थांबली. कागदातली पूड आंबलेल्या पिठासारखी फुगून वर आली, तिच्यातून बुडबुडे निघाले. ते शमल्यावर तिनं बाकीचं पाणी गोल फिरवत सोडलं. कप माझ्या हातात आला तेव्हा आधी वास आला. लिंबाच्या झाडाला फुलं येतात तेव्हा खाली उभं राहिल्यावर येतो, तो. मग चव. आंबटपणा होता, पण चँडलरसारखा पाणचट नव्हता. मोसंबीची फोड चावल्यासारखा. आणि कप निवत गेला तशी कॉफी गोड होत गेली, साखरेचा कण नसताना. मला आनंद झाला, अगदी साधा, तोंडातला आनंद. या वेळी मी 'छान आहे' म्हणाले नाही. दुसरा कप मागितला.

वहिनीनं दूध मागितलं. दूध नव्हतं. तिनं दोन घोट घेतले आणि "मला झोप नाही येणार बाई" म्हणून कप ठेवून दिला. शर्वरीनं तो उचलून मोरीत ओतला, तेव्हा दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

शनिवार

सकाळी मी खाली आले तर वहिनी आधीच कामाला लागलेली. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिनं स्वतः जाऊन दूध आणलं होतं आणि ते शेगडीवर मंद ठेवलं होतं.

"ती बाई एवढी लांबून येणार," ती म्हणाली. "तिला नुसतं काळं पाणी देऊन कसं पाठवायचं? तिचं चाखून होऊ दे, मग आपली व्यवस्थित कॉफी देऊ. शर्वरीच्याच बियांची करते."

पर्समधल्या डबीतून तिनं जायफळ आणि वेलदोडे काढले. किसणी कुठे सापडेना. ओट्यावर एक छोटं ग्राइंडर होतं. तिनं त्यात वेलदोडे, जायफळाचा तुकडा आणि घरी मिक्सरमध्ये घालतो तशी चमचाभर साखर घातली, पूड केली, आणि ओल्या फडक्यानं ग्राइंडर बाहेरून चकचकीत पुसून ठेवलं. मी शेजारीच उभी होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सेंट हा वास, उदबत्ती हा वास, तेल हा वास. जायफळ म्हणजे कॉफीच की. आमच्या घरात ते कधी वेगळं नव्हतंच.

लिंडा आली. साठीची, आखूड पांढरे केस, बोलायला थेट. शर्वरीनं टेबलावर वाट्या मांडल्या, बिया मोजल्या आणि त्याच छोट्या ग्राइंडरमध्ये एकेका वाटीपुरत्या दळल्या. मोठं ग्राइंडर दुरुस्तीला गेलेलं होतं. पाणी घालण्याआधी कोरड्या पुडीचा वास घ्यायची रीत असते. शर्वरी पहिल्या वाटीवर वाकली आणि थांबली. दुसऱ्या वाटीवर वाकली. मग सरळ उभी राहिली.

लिंडानंही वाकून पाहिलं. "वेलची?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"नटमेग टू," वहिनी कोपऱ्यातून कौतुकानं म्हणाली.

दादानं डोळे मिटून घेतले होते. शर्वरी आईकडे वळली, आणि तिचा आवाज चढला नाही हे जास्त वाईट होतं.

"आई, डिड यू डू धिस ऑन पर्पज?"

"ऑन पर्पज म्हणजे?" वहिनी म्हणाली. "पाहुण्या बाईंसाठी करत होते गं. चांगली कॉफी..." एवढं म्हणून तिनं शेगडीवरच्या दुधाकडे पाहिलं, वाट्यांकडे पाहिलं, आणि मग तिला कळलं. तिचं तोंड एवढंसं झालं. मला तिची फार दया आली. पोरीच्या धंद्याला ती पहिल्यांदाच आपणहून हातभार लावायला गेली होती, आणि तो असा लागला. आणि पोरीनं विचारलं ते तरी कुठे वेडंवाकडं होतं? बाई नाही म्हणाली तर बरं, असं आईच्या मनात आहे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

शर्वरीनं लिंडाला झालं ते जसंच्या तसं सांगितलं. लिंडा हसली नाही आणि चिडलीही नाही. म्हणाली, मी गावात फिरून तासाभरानं येते, तोवर काय ते बघ.

ग्राइंडर उघडलं तर आत साखर आणि वेलचीचा चिकट थर बसलेला. ते तासाभरात धुऊन वाळण्यातलं नव्हतं. शर्वरीनं वरून तिचं कॅम्पिंगचं हातानं फिरवायचं ग्राइंडर आणलं, त्यात बिया घातल्या आणि दांडा फिरवायला लागली. घाईत बिया खाली सांडत होत्या.

"दे इकडे," वहिनी म्हणाली. "मी दळते."

शर्वरीनं दिलं नाही. वहिनी हात पुढे करून तशीच उभी राहिली. शेवटी शर्वरीनं दिलं.

वहिनीनं हात दोनदा नुसत्या पाण्यानं धुतले, पदराला न पुसता वाळवले, बुटक्या स्टुलावर बैठक मारली, आणि ग्राइंडर गुडघ्यांत धरून एका लयीत फिरवायला लागली. शर्वरीच्या कमी भाजलेल्या बिया फार टणक होत्या. शर्वरी मोजून द्यायची, ती दळायची. दुसऱ्या वाटीची पूड ओतताना वहिनीचा हात थांबला. तिनं ग्राइंडर नाकाशी नेलं.

"हा वास आधीपासून असतो यात?"

"ऑल्वेज, आई."

वहिनीनं आणखी एकदा वास घेतला. "दूध घातलं की जातो?"

"जातो," शर्वरी मराठीत म्हणाली.

वहिनी पुन्हा दळायला लागली. शेगडीवरचं दूध एव्हाना आटून गेलं होतं, खालचा गॅस मी गुपचूप बंद केला.

लिंडा परतली. वाट्यांत पाणी ओतलं गेलं, वर पुडीची साय जमली, ती चमच्यानं मोडली, फेस काढला, आणि जरा निवायची वाट बघितली. आता चाखणं. याची पद्धत आपल्या माणसाला धक्का देणारी आहे. प्रत्येकाच्या हातात एक चमचा. तोच चमचा या वाटीत बुडवायचा, मोठ्यानं फुरका मारायचा, पेल्यातल्या पाण्यात विसळायचा, पुढच्या वाटीत बुडवायचा. म्हणजे सगळं टेबल सगळ्यांचं उष्टं. वहिनीनं आयुष्यात दादाच्या ताटातलासुद्धा घास घेतलेला नाही. ती भिंतीशी सरकली.

शर्वरीनं ते पाहिलं. लिंडा चमचा उचलत होती, तिला तिनं हातानं थांबवलं. खरं तर चाखायला आलेल्या पाहुण्याचा मान पहिला.

"आई, तू फर्स्ट," ती म्हणाली. "अजून कुणी हात नाही लावला."

वहिनी पुढे आली. चमचा वाटीत बुडवला, हलकी फुंकर घातली, आणि चमचा तोंडाला न लावता कॉफी तळहातावर घेतली, तीर्थ घेतात तशी. पाहुणीच्या आधी वाट्या उष्ट्या व्हायला नको होत्या. तळहातावरून तिनं ती प्यायली. मग दुसऱ्या वाटीतली घेतली, तिसऱ्या वाटीतली. चटका बसत असणार, पण तिनं तसं दाखवलं नाही. लिंडा चमचा हातात धरून हे सगळं लक्षपूर्वक बघत होती.

"कशी आहे?" शर्वरीनं विचारलं.

"ही तू केलीस?" वहिनी म्हणाली.

मग लिंडानं फुरके मारले, चाखणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे कपात थुंकली, परत फुरके मारले, आणि चेहऱ्यावर काही न दाखवता निघून गेली. सोमवारी कळवते, म्हणाली.

पुन्हा चँडलर

रविवारी वहिनी दादाबरोबर दुकानात जाऊन पिण्याच्या पाण्याचे कॅन घेऊन आली आणि ते ओट्याखाली रांगेनं लावले. कशाला, असं आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

सोमवारी दुपारी शर्वरीचा फोन आला. दादानं स्पीकरवर टाकला. लिंडा नाही म्हणाली होती. कॉफी तिला मनापासून आवडली होती, वेलचीचा प्रसंग तर ती विसरूनही गेली होती. पण तिच्या कॅफेतली बहुतेक गिऱ्हाइकं दूध घालून पितात, आणि या कॉफीचं दुधात काही उरत नाही. दुसऱ्या माणसाची कॉफी काळीकुट्ट भाजलेली, चॉकलेटसारखी, ती दुधात टिकते.

"सो, दॅट्स दॅट," शर्वरी म्हणाली. आवाज अगदी साधा ठेवला होता तिनं. "मी न्यू इयरनंतर घरी येते, आई. बाबा, तुझ्या जुन्या मॅनेजरना विचारशील, काही ओपनिंग आहे का?"

दादा काही बोलायच्या आधी वहिनी टेबलावरच्या फोनवर वाकली.

"दूध घालतात? त्या कॉफीत?"

"हो, आई. मोस्ट पीपल डू."

"मग त्यांना काय कळतंय त्यातलं," वहिनी म्हणाली. तिला खरोखरच राग आला होता. आम्ही दोघं भावंडं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. "असल्यांना द्यायचीच नाही. बिनदुधाची पिणारी माणसं असतील ना कुठेतरी? ती शोध."

"आई, इट्स नॉट दॅट सिंपल. मी ट्राय केलंय. मी थकलेय गं."

"मग थोडी झोप काढ. मी येते तिकडे, दळायला बसते. पण तू इकडे यायचं नाहीस."

मग शर्वरी "ओके" म्हणाली. आणखी काही म्हणायला गेली, पण ते तिला जमलं नाही, आणि फोन बंद झाला.

वहिनी उठून मागच्या अंगणात गेली. थोड्या वेळानं मी गेले तर ती खडीतल्या बाकावर उन्हात बसून रडत होती. मी शेजारी बसले.

"तीन वर्षं याच फोनची वाट बघत होते गं मी," ती म्हणाली. "आणि आला तर मलाच नको झाला."